शेवटचं ऑनलाइन : ३२४१ दिवसांपूर्वी

दिवाळी संपून दोन आठवडे झालेले. डब्यात चिवड्याचा चुरा आणि दोन मऊ पडलेल्या चकल्या. ऑफिसचं रिलीज शुक्रवारीच पार पडलं होतं, त्यामुळे शनिवारी कोणी फोन करणार नाही याची खात्री. अशा सुमुहूर्तावर मी कॉलेजातला जुना लॅपटॉप कपाटातून काढला आणि सहज म्हणून गेमचं जुनं अकाउंट उघडलं. पासवर्ड आठवला हेच आश्चर्य!

मित्रांच्या यादीत एकसष्ट नावं. एकही हिरवं नाही, सगळी करडी. वरून खाली येता येता एका नावावर थांबलो. त्याचं टोपणनाव इथे देत नाही, आपण त्याला बेसाल्ट म्हणू. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : शेवटचं ऑनलाइन, ३२४१ दिवसांपूर्वी.

३२४१ भागिले ३६५. जवळजवळ नऊ वर्षं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. रात्री अकरानंतर हॉस्टेलचं नेट जरा बरं चालायचं. मग आम्ही डोटा २ खेळायला बसायचो, सिंगापूरच्या सर्व्हरवर. बेसाल्ट फिलिपिन्सचा. त्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. तिकडे 'पिसोनेट' नावाचा प्रकार असतो. कॉम्प्युटरला नाणं टाकायचं खोकं जोडलेलं, एक पेसो टाकला की काही मिनिटं मशीन चालू. आपल्याकडच्या एक रुपयावाल्या कॉइन बॉक्स फोनचा चुलतभाऊच. भर लढाईत बेसाल्टचा गडी मध्येच पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि आम्ही ओळखायचो की याची चिल्लर संपली. दोन मिनिटांनी परत हजर. "सॉरी, कॉइन."

दीड वर्ष आम्ही आठवड्यातून तीन-चार रात्री एकत्र खेळलो. त्याच्या आजीला मधुमेह आहे, त्याला जहाजावर नोकरी करायची आहे, गणितात तो दोनदा नापास झालाय, हे सगळं मला माहीत होतं. खरं नाव? गाव? फोन नंबर? काही नाही. विचारायचं कधी सुचलंच नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा पत्ता कोण विचारतो?

२०१६ च्या डिसेंबरात माझी सबमिशनं आणि परीक्षा चालू होत्या, म्हणून मी बरेच दिवस खेळलो नाही. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, नॉक-टेन नावाचं चक्रीवादळ फिलिपिन्सच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं. लाखो लोकांना घरं सोडावी लागली. परीक्षा आटोपून मी परत आलो तर बेसाल्ट नव्हता. तेव्हापासून तो नाहीच.

आता या दोन गोष्टींचा संबंध असेलच असं नाही. त्या देशात सात हजारांहून जास्त बेटं आहेत. त्याला जहाजावर नोकरी लागली असेल. पासवर्ड विसरला असेल. गेमचा कंटाळा आला असेल. पण आज नऊ वर्षांनीसुद्धा मला फक्त 'असेल, असेल' एवढंच म्हणता येतं. दीड वर्षाच्या मैत्रीनंतर ही परिस्थिती म्हणजे लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती चूक सर्वस्वी माझी.

त्या रात्री झोप येईना. मग वाचत बसलो की 'तो आत्ता तिथे आहे का?' हा प्रश्न कॉम्प्युटरला पहिल्यांदा विचारला तरी कोणी. मंडळी, हा इतिहास मजेशीर आहे. आणि माझा बेसाल्ट नेमका कुठे निसटला, तेही त्यात सापडतं.

*

सुरुवात गेमपासून होत नाही. १९७० च्या आसपास स्टॅनफर्डच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर बरेच जण टर्मिनल लावून काम करायचे. 'हू' ही आज्ञा दिली की आत्ता कोण कोण बसलंय याची यादी यायची. पण ती यादी लॉगिनच्या आद्याक्षरांची. कुठलं अक्षर कोणाचं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. तिथल्या लेस अर्नेस्टच्या लक्षात आलं की लोक पडद्यावरच्या यादीवरून चक्क बोट फिरवत आपला माणूस शोधतात. १९७१ साली त्याने यादीत खरी नावं दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नावच ठेवलं 'फिंगर'. बोट!

या फिंगरमध्ये एक फार शहाणपणाची सोय होती. प्रत्येकाला 'प्लॅन' नावाची एक फाइल ठेवता यायची. मी सुट्टीवर आहे, अमुक तारखेला येईन, तोवर इथे शोधा, असं काहीबाही त्यात लिहून ठेवायचं. कोणी तुमची चौकशी केली की फिंगर ती चिठ्ठी दाखवायचा. पूर्वी घराला कुलूप लावून जाताना आपण शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवायचो, तसंच. म्हणजे माणूस जागेवर नसेल तर का नाही, हे सांगायची सोय १९७१ मध्ये होती. माझ्या करड्या यादीत ती नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आला १९७८ चा 'मड'. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने तो लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने पूर्णत्वाला नेला. चित्र एकही नाही, सगळा मजकूर. 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं, मग समोर काय आहे त्याचं वर्णन यायचं. विशेष हे, की त्याच गुहेत त्याच वेळी दुसरा खरा माणूसही असू शकायचा. विद्यापीठाचा कॉम्प्युटर रात्री मोकळा असायचा, तेव्हा बाहेरचे लोक मोडेम लावून खेळायला यायचे. रात्र, सवलतीचं नेट आणि टोपणनावं... आमच्या हॉस्टेलपेक्षा वेगळं काय होतं?

याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या, पत्त्यांच्या भाषेत. चौकट म्हणजे गुण आणि संपत्ती गोळा करणारे. इस्पिक म्हणजे जग खोदून शोधणारे. किलवर म्हणजे दुसऱ्यांना बडवायला येणारे (मराठीत हे नाव किती चपखल बसतं बघा). आणि बदाम म्हणजे जे मुळात माणसांसाठी येतात, गेम हे निमित्त. मी स्वतःला कायम चौकट समजत आलो. रँक, गुण, टक्के. बेसाल्ट गेल्यावर महिन्याभरात मी डोटा सोडला, तेव्हा कळलं की आपण बदाम होतो.

*

१९९६ हे वर्षच वेगळं. जूनमध्ये 'क्वेक' आला आणि इंटरनेटवरून एकमेकांवर बंदुका झाडण्याचा धंदा जोरात सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये मिराबिलिस या इस्रायली कंपनीतल्या तरुण पोरांनी आयसीक्यू आणलं. इंग्रजीत उच्चारलं की 'मी तुला शोधतोय' असा अर्थ निघतो. प्रत्येकाला एक नंबर, आणि तुमच्या यादीतलं कोण आत्ता ऑनलाइन आहे ते दाखवणारी छोटीशी खिडकी. पुढे आपल्याकडे याहू मेसेंजर आलं, मग गूगल टॉक आलं, पण मूळ कल्पना तीच. आयसीक्यू दोन वर्षांत एओएलने विकत घेतलं, २०१० मध्ये ते रशियन मालकांकडे गेलं आणि २६ जून २०२४ ला कायमचं बंद झालं.

क्वेकच्या काळात मित्र हरवणं तसं अवघड होतं. कारण सर्व्हर कोणीतरी हौशी माणसाने किंवा क्लबने चालवलेला असायचा आणि तिथे रोज तेच तेच लोक यायचे. तो कट्टा होता. कट्ट्यावर आपण कोणाचा नंबर घेत नाही. संध्याकाळी गेलं की माणूस भेटतो, नाही भेटला तर बाकीचे सांगतात, अरे तो गावी गेलाय.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'हेलो २' आला आणि त्याने दुसरीच पद्धत लोकप्रिय केली. सर्व्हर निवडायचाच नाही. बटण दाबा, सिस्टिम तुमच्या तोडीचे खेळाडू शोधून देईल. सोय प्रचंड, यात वादच नाही. पण कट्टा गेला आणि लिफ्ट आली. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाशी कितीही छान गप्पा झाल्या तरी दार उघडायच्या आत 'मित्र करा' हे बटण दाबलं नाही तर तो गेला. पूर्वी जे काम जागा करायची, ते आता यादीला करावं लागलं. आणि कट्ट्याला जे माहीत असायचं (गावी गेलाय, आजारी आहे, परीक्षा आहे), ते यादीला माहीत नसतं.

यादीचं महत्त्व सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांत एक होता डेनिस फाँग, उर्फ 'थ्रेश'. १९९७ ची क्वेकची स्पर्धा याने जिंकली तेव्हा क्वेकचा कर्ता जॉन कार्मॅक याने बक्षीस म्हणून स्वतःची लाल फेरारी त्याला दिली. (हाच कार्मॅक फिंगरच्या प्लॅन फाइलमध्ये आपल्या कामाची रोजनिशी लिहायचा आणि जगभरचे लोक ती वाचायचे.) थ्रेशने पुढे 'एक्सफायर' काढलं. गेम पूर्ण पडदा व्यापतो, मग मेसेंजर दिसणार कसं? एक्सफायरने गप्पा गेमच्या आत आणल्या. शिवाय मित्र आत्ता कुठला गेम कुठल्या सर्व्हरवर खेळतोय ते दिसायचं, आणि एका क्लिकवर थेट त्याच्या शेजारी जाऊन उभं राहता यायचं. २००६ मध्ये व्हायाकॉमने ते १०.२ कोटी डॉलरना घेतलं. २०१५ मध्ये ते बंद पडलं. लोकांच्या याद्या, किती तास खेळलो त्याचे हिशोब, सगळं त्याबरोबर गेलं.

पण बंद पडण्याची सगळ्यात हृद्य गोष्ट हेलो २ चीच आहे. मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा २००२ साली सुरू झाली. जुन्या खेळांशी जुळवून घ्यायचं म्हणून मित्रयादीत १०० च नावं ठेवता यायची. (आपल्या क्षेत्रातल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी!) १५ एप्रिल २०१० ला जुन्या यंत्रांची ती सेवा थांबवण्यात आली. पण हेलो २ चा सामना खेळाडूंपैकीच एकाच्या यंत्रावर चालायचा. त्यामुळे जे त्या क्षणी आत होते ते आतच राहू शकत होते. अट एकच, यंत्र बंद करायचं नाही. एकदा बाहेर पडलं की परत प्रवेश नाही. शेवटी चौदाएक जण उरले. दिवसरात्र यंत्रं चालू ठेवून ते बसले. कोणाचं यंत्र तापून अडकलं, कोणाचं नेट गेलं, एकेक जण गळत गेला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा माणूस बाहेर फेकला गेला, आणि मग खरोखरच कोणी नव्हतं. आपल्याकडे हे लोडशेडिंगने पहिल्याच दिवशी मिटवलं असतं :)

वाचताना हसलो, मग जाणवलं की हे लोक गेमसाठी थांबले नव्हते. गेम तर त्यांना पाठ होता.

*

तुम्ही म्हणाल, एवढी रड कशाला? सगळ्यांनी खरी नावं लावावीत, प्रश्न मिटला. हाही प्रयोग झालाय. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' बनवणाऱ्या ब्लिझर्डने २०१० मध्ये 'रिअल आयडी' आणला. त्यात मित्रांना एकमेकांची खरी नावं दिसायची. इथपर्यंत ठीक होतं. मग ६ जुलै २०१० ला त्यांनी जाहीर केलं की गेमच्या चर्चेच्या जाहीर पानांवरही आता खरंच नाव दिसेल. खेळाडू भयंकर खवळले आणि तीन दिवसांत, ९ जुलैला, निर्णय मागे घेतला गेला. लोकांचं बरोबरच होतं. टोपणनाव आहे म्हणून तर कित्येक मुली निर्धास्त खेळतात, कित्येक मुलं मोकळं बोलतात. मला बेसाल्टचं नाव हवंय ते फक्त मला. साऱ्या जगाला सापडावा असं नाही. म्हणजे यंत्रणेने नाव उघड करायचं नाही, मित्राने मित्राला विश्वासाने सांगायचं. हे सॉफ्टवेअरचं काम नव्हेच.

आणि आता नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट. मॅट्सला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार होता. यात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. व्हीलचेअर, खोली, कॉम्प्युटर. आईवडिलांना एकच दुःख, की पोराला आयुष्यात मित्र मिळाले नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरात, पंचवीस वर्षांचा असताना, मॅट्स गेला. तो ब्लॉग लिहायचा आणि त्याचा पासवर्ड वडिलांकडे होता. वडिलांनी तिथे मुलगा गेल्याचं लिहिलं आणि खाली आपला ईमेल दिला.

मग ईमेल येऊ लागले. एक, दोन, दहा... वेगवेगळ्या देशांतून. मॅट्स वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 'आयबेलिन' नावाने वावरायचा. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने तिथे हजारो तास घालवले होते. 'स्टारलाइट' नावाच्या त्याच्या गटातले लोक लिहीत होते की त्याने आम्हाला कसं ऐकून घेतलं, कसा सल्ला दिला, कसं सावरलं. अंत्यविधीला त्यांतले काही जण परदेशातून ओस्लोला आले. मुलाला मित्र नाहीत असं समजणाऱ्या आईवडिलांना मुलाचे मित्र त्या दिवशी पहिल्यांदा भेटले. २०२४ मध्ये त्याच्यावर 'द रिमार्केबल लाइफ ऑफ आयबेलिन' हा माहितीपट आला. एकट्याने बघू नका, किंवा एकट्यानेच बघा. रुमाल मात्र जवळ ठेवा.

मला त्या गोष्टीत हललो ती जागा वेगळीच आहे. पासवर्ड वडिलांकडे होता. तो नसता तर? स्टारलाइटच्या लोकांना एवढंच दिसलं असतं की आयबेलिन बरेच दिवस आला नाही. आणि आईवडिलांना कधीच कळलं नसतं की पोराचे मित्र होते. सगळा धागा त्या एका पासवर्डवर टिकून होता.

इंजिनिअर म्हणून सांगतो, यादीतला हिरवा ठिपका म्हणजे काय? तुमचं यंत्र सर्व्हरला ठरावीक वेळाने 'मी आहे' असा निरोप पाठवतं. याला आम्ही हार्टबीट म्हणतो. ठोका! काही ठोके चुकले की सर्व्हर ठिपका करडा करतो. चिल्लर संपली, वीज गेली, लग्न झालं, पासवर्ड विसरला, वादळात घर गेलं, माणूस गेला... सर्व्हरच्या दृष्टीने सगळं सारखंच. ऑफलाइन. तो खोटं बोलत नाही, त्याला एवढंच कळतं. बाकीचं कळायला काकू लागतात. किंवा प्लॅन फाइल.

*

एक चांगली गोष्टही सांगतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमचा पब्जी मोबाइलचा स्क्वॉड होता : मी, सांगलीचा मामेभाऊ, ऑफिसातला एक जण आणि असाच लिफ्टमध्ये भेटलेला सिलिगुडीचा एक पोरगा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जीही होतं. ज्यांच्या फोनमध्ये आधीच होतं त्यांचं ३० ऑक्टोबरपर्यंत चालत राहिलं. बातमी आली त्याच रात्री मी सामना सुरू व्हायच्या आधी त्याला म्हटलं, "भाई, पहले नंबर दे. और असली नाम." तो हसला. म्हणाला, "रिश्ता भेजना है क्या?" पण नंबर दिला. तीस सेकंदांचं काम. मागच्या वर्षी तो मुलाखतीसाठी पुण्याला आला तेव्हा आमच्याकडेच उतरला. मिसळीचा रस्सा त्याला झेपला नाही, पण नोकरी मिळाली. आता दर रविवारी डोकं खातो.

बेसाल्ट आणि याच्यात फरक त्या तीस सेकंदांचा.

तर त्या शनिवारी मी दोन कामं केली. बेसाल्टला निरोप टाकला. बराच विचार करून फक्त एवढंच लिहिलं : "कॉइन संपले का?" आणि खाली माझं पूर्ण नाव, ईमेल, फोन. उत्तर नाही. यायलाच हवं असंही नाही, पण दार उघडं असलेलं बरं.

दुसरं, एका कागदावर यादी केली. सध्याचे अकरा जण. टोपणनाव, गेम, गाव, आणि गेमच्या बाहेरचा एक तरी पत्ता. चार जणांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, तो तेव्हाच मागून घेतला. कोणालाही विचित्र वाटलं नाही, उलट तिघांनी माझाही मागितला. कागद घरच्या फाइलमध्ये विम्याच्या कागदांशेजारी ठेवला आणि धाकट्या बहिणीला दाखवला. म्हटलं, मला काही झालं तर या लोकांना कळव. नाहीतर ते वर्षानुवर्षं करडा ठिपका बघत बसतील.

तिने कागद वरून खालपर्यंत वाचला. टोपणनावं वाचून खूप हसली. मग म्हणाली, "कळवीन. पण दादा, तू आधी हेल्मेट घालत जा."

असो. लांबलं जरा. तुमच्याही यादीत एखादा बेसाल्ट असेल आणि तो आज हिरवा दिसत असेल, तर हे वाचणं सोडा आणि आधी त्याचा नंबर घ्या.